खापरावरचा काळा रंग

महेश्वरच्या घाटासमोर, नर्मदेच्या पलीकडच्या तीरावर नावडातोली आहे. डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली १९५२-५३ मध्ये व पुढे १९५७ ते १९५९ या काळात तेथे उत्खनन झाले आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची माळवा भांडी उजेडात आली. तांबूस-पिवळ्या लेपावर काळसर नक्षी; मधूनच हरिण, मधूनच नाचणारी माणसे. ही चित्रे आपण कौतुकाने पाहतो. पण तो काळा रंग कशाचा, हे मात्र सहसा विचारीत नाही.

काळे सारे सारखे नसते. लोहाचा काळा हवा असेल तर कुंभाराला भट्टीतील हवा कोंडावी लागते. मोकळ्या हवेत तोच रंग तांबडा होतो. प्राचीन अथेन्सच्या कुंभारांनी हवा देणे, कोंडणे व पुन्हा देणे अशा तीन टप्प्यांत एकाच भांड्यावर काळा व तांबडा साधला. मँगनीजयुक्त माती वापरली तर हवा खेळती असूनही काळेपण टिकते. म्हणजे रंग ओळखला की त्या कुंभाराला आग कितपत वश होती, हेही काही अंशी कळते.

पूर्वी यासाठी रंग खरवडावा लागे. नक्षीची रेघ ती केवढी, आणि त्यातून खरवडायचे किती! आता क्ष-किरणांचे हाती धरण्याजोगे यंत्र खापरातील मूलद्रव्ये सांगते. आणि चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली कलकत्त्यात दाखवून दिलेल्या प्रकाश-परिणामाच्या आधारे त्यांची संयुगे ओळखता येतात.

तरी यंत्राला सर्वस्वी शरण जाणे बरे नव्हे. क्ष-किरण पातळ रंग भेदून खालच्या मातीत उतरतात आणि तिच्यातले लोहही हिशेबात धरतात; काजळीतला कार्बन तर त्या यंत्राला दिसतच नाही. तो रामन-पद्धतीला दिसतो. पण तिथे लेसरचा झोत प्रखर झाला, तर काळे मॅग्नेटाइट तापून तांबडे हेमॅटाइट बनते. ‘खापराला धक्का न लावता’ हे शब्द तेवढ्या बेतानेच घ्यावेत. शेजारच्या कोऱ्या लेपाचेही मोजमाप घेऊन, दोन्ही पद्धतींची उत्तरे ताडून मगच बोलावे.

उत्खननांतली बहुतेक खापरे प्रदर्शनात नसतात, कोठारात असतात. त्यांच्यावर हा प्रयोग आधी व्हावा, सुरी अगदी शेवटी उचलावी. आणि कोणत्या खापराचा कोणता बिंदू तपासला, ती नोंद खापराच्याच पेटीत राहावी.