विमा फाटकापाशी उतरतो

गाडीची पॉलिसी आपण जेमतेम पहिल्या पानापर्यंत वाचतो. प्रीमियम किती, आयडीव्ही किती, नो क्लेम बोनस लागला की नाही, एवढं पाहिलं की पीडीएफ बंद. ती पुन्हा उघडते ती बंपर ठोकल्यावर. ज्यांना आपली गाडी रेस ट्रॅकवर न्यायची हौस आहे, त्यांनी मात्र आणखी थोडं खाली जावं. तिथे गाडीच्या वापराच्या मर्यादा सांगणारा एक छोटा परिच्छेद असतो. गाडी कशासाठीही वापरा, फक्त भाड्याने देणं, मालवाहतूक, संघटित शर्यत, पेस मेकिंग, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल आणि वाहनांच्या धंद्यातला वापर एवढं सोडून. ही भाषा २००२ च्या इंडियन मोटर टॅरिफमधली. कंपन्यांचे लोगो बदलतात, जाहिरातीतले हिरो बदलतात, हा परिच्छेद जवळपास तसाच राहतो.

पावसाळा संपला की मला एकाच धाटणीचे फोन येऊ लागतात. करणारा पंचविशी-तिशीतला, दारात टर्बो इंजिनाची नवीकोरी हॅचबॅक. ‘दादा, चेन्नईला ट्रॅक डे आहे. स्वतःची गाडी नेतोय. इन्शुरन्स चालेल ना?’ मला या पोरांचं कौतुक वाटतं. वेगाची खाज एक्सप्रेस वेवर किंवा ताम्हिणीत भागवण्यापेक्षा ते पदरचे पैसे मोडून बंद ट्रॅकवर जातात. पुण्याहून चेन्नई सुमारे बाराशे किलोमीटर. तिथून जवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा पावणेचार किलोमीटरचा, बारा वळणांचा ट्रॅक आहे. कोइम्बतूरजवळ करी मोटर स्पीडवे आहे, दोन किलोमीटरहून थोडा मोठा. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट पाच किलोमीटरच्या वर, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. आपल्याकडून यांपैकी कुठेही जायचं तर मजल दरमजल करतच. एवढं सगळं करणाऱ्याला ‘इन्शुरन्स चालणार नाही’ असं एका वाक्यात सांगणं जिवावर येतं.

पुढचा प्रश्न ठरलेला. ‘पण ही शर्यत कुठाय? बक्षीस नाही, नंबर नाही, टायमिंग नाही.’ मुद्दा खोटा नाही. ट्रॅक डेला सकाळी ब्रीफिंग होतं, झेंड्यांचे अर्थ सांगतात, ओव्हरटेक कुठे करायचं आणि कुठे नाही हे बजावतात आणि मग गाड्या गटागटाने सोडतात. शर्यत असते ती प्रत्येकाची स्वतःशी. पण त्याच यादीत वेगाची चाचणीही आहे, आणि डॅशबोर्डवर चिकटवलेल्या मोबाइलमध्ये लॅप टायमर चालू असेल, तर ती चाचणी नव्हती हे पटवायला चांगला वकील लागेल. पॉलिसीतली भाषा संदिग्ध असेल तर तिचा अर्थ ग्राहकाच्या बाजूने लावावा, असं विम्याच्या कायद्यात मानतात. त्या आधारावर ग्राहक आयोगात भांडता येईल. पण तारखा पडत राहतील, आणि तोवर गाडी गॅरेजच्या मागच्या अंगणात धूळ खात पडेल.

थर्ड पार्टीचंही नीट समजून घ्यावं. मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला विमा हा सार्वजनिक ठिकाणच्या वापरासाठी आहे. फाटक लावलेला खासगी ट्रॅक त्यात बसतो का, यावर वाद घालता येईल. शिवाय त्याच कायद्याच्या कलम १५० मध्ये कंपनीला बचावाची जी मोजकी कारणं दिली आहेत, त्यात संघटित शर्यत आणि वेगचाचणी शब्दशः आहेत. वर फाटकाशी तुम्ही स्वतः एका कागदावर सही केलेली असते: मला इजा झाली, गाडीचं नुकसान झालं तर आयोजकावर दावा करणार नाही, ट्रॅकचं नुकसान केलं तर भरून देईन. मागून कुणी ठोकलं तरी रस्त्यावरच्यासारखं ‘तुझी चूक, तुझ्या इन्शुरन्समधून’ म्हणता येत नाही, कारण त्याचाही विमा बाहेरच राहिलेला असतो. झीरो डेप, इंजिन प्रोटेक्ट हे रायडर या गाठीला हातही लावत नाहीत. ते क्लेमची रक्कम वाढवतात, वापराची मर्यादा नाही.

टॅरिफमध्ये एक खिडकी मात्र आहे. आयएमटी ३१ या क्रमांकाच्या एंडॉर्समेंटने जादा प्रीमियम भरून ठराविक रॅलीपुरतं संरक्षण वाढवून मिळू शकतं. रॅलीचं नाव, ठिकाण, तारीख, आयोजक, सगळं त्यात लिहावं लागतं. पण त्याच एंडॉर्समेंटमध्ये पुढे शर्यत, पेस मेकिंग आणि वेगचाचणी पुन्हा वगळलेली आहे. खिडकी उघडली, पण गज तसेच.

कंपन्यांना शिव्या घालणं सोपं आहे. आमच्या ओळखीतल्या एका ग्रुपने कंपनी नको म्हणून स्वतःची भिशी काढायचं ठरवलं. दहा-बारा जणांनी दरमहा पैसे टाकायचे, ज्याची गाडी ट्रॅकवर ठोकली जाईल त्याला त्यातून द्यायचे. पहिल्याच बैठकीत प्रश्न निघाले. वर्षातून एकदा जाणाऱ्याने आणि दर महिन्याला जाणाऱ्याने सारखेच पैसे का भरायचे? वीस लाखांची गाडी आणि जुनी स्विफ्ट एका मापाने कशी मोजायची? आणि एक जण, ज्याच्याबरोबर बसायला कुणी तयार नसतं, तो भिशीत यायला सगळ्यांत उत्सुक का? चहा संपायच्या आत भिशी बारगळली. रस्त्यावरचा विमा चालतो तो हजारो लोक भरतात आणि त्यातल्या थोड्यांना, नको असताना, अपघात होतो म्हणून. ट्रॅकवर येणारा प्रत्येक जण गाडीच्या पकडीची हद्द शोधायलाच आलेला असतो, आणि ती ओलांडल्यावरच नक्की कळते. हा धोका रस्त्यावरच्या प्रीमियममध्ये घातला, तर त्याचे पैसे रोज ऑफिसला जाणाऱ्या वॅगन-आरवाल्या काकांनी का भरायचे?

ब्रिटनमध्ये यावर व्यवहारी तोडगा निघाला आहे. ट्रॅक डेची संस्कृती तिथे मुरलेली, त्यामुळे एका दिवसाचा, ठराविक ट्रॅकसाठीचा वेगळा विमा मिळतो. पण तोही डोळे उघडे ठेवून घ्यावा लागतो. नुकसानीचा पहिला वाटा मालकाचा, आणि तो बहुधा गाडीच्या किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असतो. इंजिन फुटलं, गिअरबॉक्स गेला तर काही नाही. दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान सहसा त्यात येत नाही. म्हणजे बंपर आणि फेंडर गेलं तर खिसा तुमचाच. गाडी भिंतीत घुसली तरच विमा कामाला येतो. रोजच्या पॉलिसीतून ट्रॅकचा वापर वगळताना तिथल्या कित्येक कंपन्या जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगचा नाव घेऊन उल्लेख करतात. तिथली नॉर्डश्लाइफे, साधारण एकवीस किलोमीटरची, ठराविक वेळी तिकीट काढून कुणालाही खुली असते. तेव्हा तिला टोल रस्त्यासारखे नियम लागू असतात, म्हणून लोकांना वाटतं की विमाही लागू. मग गाडी कठड्यावर आदळते आणि वाकलेल्या कठड्याचं बिल घरी येतं.

युरोपात एकदा उलटी भीतीही पसरली होती. २००७ मध्ये स्लोव्हेनियात एका शेतावर ट्रॅक्टर मागे घेताना ट्रेलरचा धक्का शिडीला लागला आणि शिडीवरचे दामियान व्नुक खाली पडले. खटला युरोपियन न्यायालयात गेला. २०१४ मध्ये निकाल लागला की वाहनाचा नेहमीसारखा वापर खासगी जागेत झाला तरी सक्तीचा विमा लागू होतो. मग रेस ट्रॅकवरच्या गाड्यांनाही? मोटरस्पोर्टवाल्यांचे धाबे दणाणले, कारण एवढा विमा विकायला कुणी तयार होईना. शेवटी युरोपियन युनियनने २०२१ च्या सुधारणेत मोटरस्पोर्टला मोकळीक दिली आणि ब्रिटनने २०२२ मध्ये कायदा करून तो निकाल आपल्यापुरता निकालात काढला. एका शिडीने सात-आठ वर्षं सगळ्यांना घोर लावला.

आपल्याकडे तोडगा म्हणून जे कानात सांगितलं जातं, ते वेगळंच. ट्रॅकवर ठोकली तर फ्लॅटबेडवर घाल, हायवेला उतरव, ‘कुत्रं आडवं आलं’ म्हणून क्लेम टाक. हा गुन्हा आहेच, शिवाय सर्व्हेअरला कमी लेखणंही आहे. या कामातल्या एका मुरलेल्या माणसाला गाडी तपासताना मी जवळून पाहिलंय. डेंटकडे त्याने शेवटी पाहिलं. आधी उकिडवा बसून टायरच्या कडेवरून अंगठा फिरवला. रस्त्यावर टायर मधोमध किंवा एका बाजूने झिजतो. ट्रॅकवर खांद्याचं रबर वितळून दुमडतं आणि त्यावर दुसऱ्या टायरांचे बारीक तुकडे चिकटतात. मग रिमच्या आतल्या कडेत बोट घातलं आणि अडकलेली खडी काढून तळहातावर ठेवली. सारखी गोल, धुतल्यासारखी, हायवेच्या कडेला नसते तशी. ब्रेक डिस्कवरची निळसर झाक, दारावर नंबर लावून काढलेल्या टेपचा चिकटपणा, काचेवर कॅमेऱ्याच्या व्हॅक्यूम कपची गोल खूण. एवढ्यात त्याने तोंडातून शब्दही काढला नव्हता. अनेक नव्या गाड्यांत एअरबॅगचं मोड्यूल धडकेच्या आधीच्या काही सेकंदांचा वेग आणि ब्रेकची नोंद ठेवतं, ते आणखी वेगळं. आणि तेवढ्यानेही भागलं नाही, तर ‘फर्स्ट ट्रॅक डे, ड्रीम कम ट्रू’ अशी रील मालकानेच टाकलेली असते.

तर मग करायचं काय? गावाकडे शर्यतीचा खोंड वेगळा आणि औताचा बैल वेगळा असतो. घरचं पोट ज्याच्यावर चालतं त्याला कुणी घाटात पळवत नाही. मुलीला शाळेत सोडणारी, आईला दवाखान्यात नेणारी एकुलती एक गाडी ट्रॅकवर नेऊ नये. आरसीवर बँकेचा बोजा असलेली तर नाहीच. गाडी भंगारात गेली तरी हप्ता थांबत नाही, आणि विमा नसलेल्या टोटल लॉसचे हप्ते भरण्याएवढं कडू काम नाही. ट्रॅकसाठी जुनी, हलकी, सुटे भाग कुठेही मिळतील अशी गाडी बरी. तीही परवडत नसेल, तर आयोजक किंवा ट्रेनिंग स्कूलची गाडी घ्यावी. तिथेही नुकसान कुणाच्या माथी, हे आधी लेखी विचारून घ्यावं.

जी गाडी न्याल तिचं काम आधी करून घ्या. ट्रॅकवर गाड्या भिंतीवर आदळतात त्याहून जास्त वेळा गरम होऊन थकतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ चं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरलेल्या ऑइलसाठी प्रमाण १५५ अंशांचं आहे. ते उकळलं की वाफ होते आणि पेडल सरळ फ्लोअरला टेकतं. म्हणजे दोन-तीन वर्षं न बदललेलं ऑइल घेऊन लांब सरळ पट्ट्याच्या टोकाशी ब्रेक मारणं हा अपघात नव्हे, हलगर्जीपणा. नवं ऑइल, जाड पॅड, टायरची हवा, चाकांचे नट टॉर्क रेंचने घट्ट. वेग ऐंशी टक्क्यांवर ठेवायचा आणि प्रत्येक सेशनची शेवटची फेरी ब्रेक न वापरता, थंड करत मारायची. हा सगळ्यांत स्वस्त प्रीमियम.

आणि एक हिशोब कागदावर मांडा. समजा, गाडीची आयडीव्ही आठ लाख. टायर-पॅड-पेट्रोलचा खर्च ठरलेलाच. बंपर, अलॉय, सस्पेन्शनचा एखादा आर्म हा होऊ शकणारा. तिसरा आकडा आठ लाखांचा, बहुधा न होणारा, पण होऊ शकणारा. तो गेला तर घरातली कुठली गोष्ट अडेल? फी, फ्लॅटचा हप्ता, वडिलांचं ऑपरेशन? काही अडणार असेल, तर ही गाडी न्यायची नाही.

कारण फाटकाच्या आत तुमचा विमा उतरवणारी कंपनी असतेच, फक्त ती तुमच्या घरात राहते. विम्यात परम सद्भावाचं तत्त्व असतं: मागणाऱ्याने सगळं खरं सांगायचं, काही लपवायचं नाही. ते इथेही लागू. ‘मित्रांबरोबर चेन्नईला चाललोय’ एवढं बोलून निघणं म्हणजे प्रपोजल फॉर्म खोटा भरणं. बायकोसमोर, आईवडिलांसमोर तो कागद ठेवा, तिसरा आकडा मोठ्याने वाचा आणि होकार मिळाला तरच हेल्मेट घेऊन गाडीत बसा. नकार मिळाला तर वाईट वाटून घेऊ नका. परवानाधारक विमा कंपन्यांनी हाच प्रस्ताव कधीच नाकारलाय, आणि त्यांना तर तुमची काळजीही नव्हती.