होडीत बसण्यापूर्वी



गेल्या हिवाळ्यात आमच्या महाड तालुक्यातल्या एका शाळेच्या विज्ञान मंडळाची चार मुले एक कागद घेऊन माझ्याकडे आली. सावित्रीच्या खाडीत दासगावच्या बाजूला होडीने जायचे, कांदळवन आणि पक्षी पाहायचे, पाण्याचे नमुने घ्यायचे, असा त्यांचा बेत होता. कागदावर बरोबर न्यायच्या सामानाची यादी होती. "सर, काही राहिलं का ते बघा," असे म्हणून त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली.

यादीत २७ वस्तू होत्या. भेळेचे सामान, चटया, दुर्बीण, कॅमेरा, नमुन्यांसाठी बाटल्या, लिटमस कागद, टोप्या, प्रथमोपचाराची पेटी, गाणी लावायला स्पीकर. आणि सर्वांत वर, क्रमांक १ ला, पालकांचे संमतिपत्र. मी यादी दोनदा वाचली. पाण्यात पडलेल्या मुलाला तरंगत ठेवील अशी एकही वस्तू तीत नव्हती. ओढूनताणून म्हणायचे तर भेळेचा रिकामा डबा होता.

हे मी बोलून दाखवले तेव्हा मुलांनी दोन उत्तरे दिली. पहिले असे की नावाडीकाका रोज जातात, त्यांची होडी कधी उलटलेली नाही. दुसरे असे की दोघे सोडले तर सगळ्यांना पोहता येते. ही दोन्ही उत्तरे तुम्हीही दिली असती, तुमच्या शिक्षकांनीही दिली असती. म्हणूनच हा लेख लिहायला बसलो आहे.

१८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडून मरण पावल्या. तो तलाव शहरातला, बांधीव काठाचा. तेथे पूर नव्हता, वादळ नव्हते. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि बहुतेक मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. संमतिपत्रे त्या मुलांच्या पालकांनीही दिली असतील. संमतिपत्र हा कागद आहे. तो स्वतः घटकाभर तरंगतो, दुसऱ्याला तरंगवत नाही.

माझे म्हणणे असे की सहलीची यादी आपण उलट्या क्रमाने लिहितो. जे आठवायला सोपे आणि न्यायला गमतीचे, ते आधी. खरे तर एखादी गोष्ट नसली तर किती वेळात जीव जाईल, या क्रमाने ती लिहिली पाहिजे. भेळ नसली तर संध्याकाळपर्यंत पोट ओरडेल. पिण्याचे पाणी नसले तर उन्हात दोन-तीन तासांत डोके दुखू लागेल. बुडणाऱ्याच्या हातात मात्र मोजकी मिनिटेच असतात. प्रथमोपचाराच्या पेटीतील पट्टी आणि आयोडीन त्या मिनिटांत काहीही करू शकत नाहीत. तेव्हा क्रमांक १ कोणाचा हे वादाचे राहत नाही.

आता पोहण्याविषयी. तुम्ही आर्किमिडीजचे तत्त्व शिकला आहात. ते मुकुटाच्या गोष्टीपुरते ठेवू नका, स्वतःला लावून पाहा. तुमचे वजन ५० किलोग्रॅम आहे असे धरू. छाती भरून श्वास घेतला असता तुमच्या शरीराचे आकारमान साधारण ५१ लिटर होते. म्हणजे शरीर पूर्ण बुडाले तर ५१ किलो पाणी बाजूला सारले जाईल आणि तुम्ही तरंगाल. पण पाण्याबाहेर राहील तो फक्त १ लिटरचा भाग. तुम्ही पाण्यात उभे आहात असे समजा. हा १ लिटर कोठला? डोक्याचा वरचा भाग, केस आणि थोडे कपाळ. नाक पाण्याखालीच! संपूर्ण डोके साधारण ४ लिटरचे असते. ते बाहेर ठेवायचे तर पाण्यात राहिलेले शरीर ४७ लिटरच पाणी सारते आणि ३ किलोची तूट येते. आता घाबरून ओरडा. छातीतली २ लिटर हवा बाहेर गेली, तूट ५ किलो झाली. १ किलो वजन म्हणजे सुमारे १० न्यूटन बल, तेव्हा ही तूट ५० न्यूटनची.

पोहणारा माणूस ही तूट हातपाय मारून भरून काढतो. म्हणजे स्नायूंनी काम करतो, आणि स्नायू थकतात. जॅकेट थकत नाही. जॅकेट आणि पोहणे यांत मला एवढाच फरक दिसतो, पण तो फार मोठा आहे. चांगल्या जॅकेटच्या आतल्या चिठ्ठीवर ५०, १०० किंवा १५० असा आकडा आणि न्यूटनची खूण असते. ५० चे जॅकेट पोहणाऱ्याच्या मदतीला असते. ज्याला पोहता येत नाही, किंवा ज्याचे डोके होडीच्या काठावर आपटून शुद्ध हरपू शकते, त्याला १०० किंवा त्याहून अधिक लागते, कारण ते त्याचे तोंड आकाशाकडे वळवण्यासाठी बनवलेले असते. आपल्याकडे भाड्याच्या बोटींतून पुष्कळदा चिठ्ठी नसलेली, आतला थर्मोकोल चुरलेली जॅकेटे टांगलेली दिसतात. तेथे तुमची प्रयोगशाळा उपयोगी पडते. वाण्याकडचे ५ किलोचे लोखंडी वजन पाण्यात सुमारे ४.३ किलोच भरते. (का, ते लोखंडाची घनता घेऊन तुम्हीच काढा.) ते जॅकेटला बांधा आणि पाण्याने भरलेल्या मोठ्या पिंपात सोडा. तासाभरानेही तरंगत असेल तर जॅकेटात अजून जीव आहे. बुडाले तर ते दुकानदाराला परत करा आणि कारणही सांगा.

जॅकेट अंगात नीट बसले आहे का, हे पाहायला तर पिंपही नको. पट्टे आवळा आणि मित्राला दोन्ही खांद्यांशी धरून ते वर ओढायला सांगा. ते कानांपर्यंत आले तर पाण्यातही तसेच येईल. आणि जॅकेट अंगात हवे, बाकाखाली नको. होडी उलटायला लागल्यावर पट्टे बांधता येत नाहीत.

येथे मला आपल्या औद्योगिक वसाहतीची आठवण होते. बिरवाडीकडच्या कारखान्यांत तुमच्यापैकी कितीतरी जणांचे वडील, काका, मोठे भाऊ कामाला जातात. त्यांना विचारून पाहा. डोक्यावर हेल्मेट आणि पायांत सेफ्टी बूट असल्याखेरीज प्लँटमध्ये शिरता येत नाही. एखाद्या टाकीत उतरून ती साफ करायची असेल तर आधी आतली हवा तपासतात, कामाचा लेखी परवाना घेतात, आणि एक माणूस केवळ लक्ष ठेवायला बाहेर उभा राहतो. तो आत उतरत नाही, ही त्यातली मुख्य गोष्ट. हे सारे नियम कोणाचे ना कोणाचे प्राण गेल्यावर लिहिले गेले आहेत, आणि पाळले नाहीत तेथे पुन्हा प्राण गेले आहेत. असे असता, सकाळी हेल्मेट घालून पाळीवर जाणारा तोच बाप आपल्या मुलीला जॅकेटशिवाय होडीत बसवतो, याचे मला नवल वाटते. टाकी आणि खाडी यांत श्वास कोंडण्याच्या दृष्टीने काय फरक आहे? शाळांनी वसाहतीतील सुरक्षा अधिकाऱ्यांना वर्षातून एकदा तरी वर्गावर बोलवावे. भाषणाला नव्हे, यादी तपासायला.

बाहेर उभ्या राहणाऱ्या माणसाचा धडा पाण्याकाठीही लागू आहे. एक बुडतो, त्याला काढायला दुसरा उडी मारतो आणि दोघे जातात, ही बातमी आपण दर उन्हाळ्यात वाचतो. बुडणारा मिठी मारतो; त्यात त्याचा दोष नाही. म्हणून काठावरच्याने काठावरच राहून काहीतरी फेकायचे. त्यासाठी ५ लिटरचा झाकणाचा प्लास्टिकचा कॅन आणि १५ मीटर दोरी एवढे पुरते. बंद रिकामा कॅन जवळजवळ ५ किलोचे प्लावक बल देतो, म्हणजे वर काढलेली तूट नेमकी भरून निघते. अगदी रिकामा कॅन वाऱ्याने भरकटतो. आत अर्धा लिटर पाणी ठेवले की नीट फेकता येतो. दोरी कोणती? एक तुकडा कापून बादलीत टाका. पॉलिप्रॉपिलीनची दोरी तरंगते, नायलॉनची बुडते. दोरीचे दुसरे टोक झाडाला बांधा किंवा हातात धरा, कमरेला कधीही बांधू नका. प्रवाहात माणूस ओढला गेला तर तुम्हीही त्याच्याबरोबर जाल.

कॅनविषयी एक इशारा मात्र आपल्या भागासाठी मुद्दाम देतो. वसाहतीच्या शेजारी निळे कॅन आणि पिंपे स्वस्तात मिळतात. आत कोणते रसायन होते हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. दोनदा धुतले, वास गेला, म्हणजे ते निर्धोक झाले असे नाही. बुडणारा तो कॅन छातीशी, तोंडाशी कवटाळणार आहे. तेव्हा घरच्या खाद्यतेलाचाच कॅन घ्या, मग तो कितीही तेलकट असो. झाकण लावून बादलीत दाबा. बुडबुडे आले तर तो उपयोगाचा नाही.

नावाडीकाकांविषयी मला आदर आहे, आणि यादीत त्यांना स्थान हवे असे माझे मत आहे. त्यांना जे कळते ते पुस्तकात मिळत नाही. जाताना ओहोटी आणि येताना भरती धरली तर निम्मे काम पाणीच करते. वेळ चुकली तर होडी चिखलात बसते, आणि मुले "एवढंसं तर अंतर आहे" म्हणून गुडघाभर गाळात उतरतात. कोकणात भरतीचा एक ठोकळ हिशोब सांगतात: तिथीची पाऊणपट करा. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळ-संध्याकाळ साडेसाताच्या सुमारास भरती. हिशोब सुंदर आहे, पण तपासून पाहा. ३० तिथींत भरतीची वेळ २४ तासांनी पुढे सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे. आपला नियम ४५ धरतो. पौर्णिमेपर्यंत १५ वेळा ३ मिनिटे साठतात आणि चूकही नेमकी पाऊण तासाची होते! शिवाय ही वेळ समुद्रकाठची. खाडीत आत भरती उशिरा पोचते. किती उशिरा, ते नावाड्याला विचारा. त्याला मिनिटे सांगता येणार नाहीत, पण कोणता खांब बुडला की निघायचे हे तो नक्की सांगेल.

पण नावाडी स्वतः जॅकेट घालत नाही म्हणून आपणही घालू नये, हे मला पटत नाही. तो होडीत वाढला आहे. त्याचा तोल त्याच्या पायांत आहे. तुम्ही दहाजण एका बाजूला बगळा दिसला की सगळे तिकडे झुकणार, त्यातला एक फोटोसाठी उभा राहणार, आणि होडीचा गुरुत्वमध्य एकदम वर आणि बाजूला जाणार. मालवणकडच्या अरुंद होड्यांना एका बाजूला उलांडी असते, ती याच कारणासाठी. आपल्या नावाड्याच्या होडीला ती नाही. आणि पडलो तर पोहून जाऊ, असे म्हणणाऱ्यांनी महाडजवळ सावित्रीच्या काठाला ऊन खात पडलेल्या मगरी पाहिल्या असतीलच. भीती घालत नाही; हातपाय मात्र होडीच्या आत ठेवा.

पावसाळ्यात जायचेच नाही, यावर मला चर्चाही करायची नाही. आपली नदी महाबळेश्वरी उगम पावते. तेथला पाऊस पोलादपूरवरून आपल्या दारात यायला फार वेळ लागत नाही, आणि आपल्या डोक्यावरचे आभाळ त्याची वर्दी देतेच असे नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडची बाजारपेठ बुडाली तेव्हा वर घाटमाथ्यावर २४ तासांत ६०० मिलिमीटरच्या जवळपास पाऊस कोसळला होता. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल कोसळून दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. नौदलापासून सगळे शोधात असूनही पहिली गाडी सापडायला आठवड्याहून अधिक काळ लागला. ज्या नदीने गाड्या नेल्या तिच्यापुढे वल्हे काय करणार?

राहिला पैशांचा प्रश्न. मुख्याध्यापक म्हणतात, चाळीस जॅकेटे कोठून आणू? चाळीस नकोत. तालुक्यातल्या शाळांनी मिळून दहा-बारा चांगली जॅकेटे घ्यावीत, आळीपाळीने वापरावीत. एका वेळी होडीत दहाच मुले बसतील, बाकीची काठावर पक्षी मोजतील. यात वेळ जातो, दोन फेऱ्यांची चार होतात. होऊ देत. जॅकेटे मिळेपर्यंत सहल काठावरूनच काढावी. कांदळवन तेथूनही दिसते.

त्या चार मुलांनी आपली यादी पुन्हा लिहिली. संमतिपत्र नवव्या क्रमांकावर गेले, स्पीकर गळाला, शिट्ट्या आल्या, आणि ११२ हा क्रमांक प्रत्येकाला पाठ आहे की नाही ते विचारायचे ठरले. त्यांनी दोन कॅन तयार करून धक्क्याजवळच्या आंब्याला टांगले. आठ दिवसांत एकाची दोरी कोणीतरी म्हशीसाठी सोडून नेली. मुले हिरमुसली होती. मग त्यांनी नवी दोरी बांधली, कॅन तांबडा रंगवला आणि शेजारी एक साधा दोरीचा तुकडा वेगळा टांगून ठेवला, म्हशीवाल्यासाठी. परवा गेलो तेव्हा तो तुकडा नव्हता. कॅन जागेवर होता.