वाटणी आणि वागणूक

घराची वाटणी होते, तेव्हा दुकान, गोदाम, शेत, दागिने, येणे-देणे या साऱ्यांची मोजदाद कागदावर उतरते. त्या दिवसांत कोण कोणाशी कसे वागले, याची नोंद मात्र कोणत्याही वहीत होत नाही. व्यापारी घराण्यांना हे निराळे सांगावयास नको. वाटणीपत्रातील कलमे पुढची पिढी विसरून जाते; परंतु त्या कठीण काळात थोरल्या काकांनी विचारपूस केली की पाठ फिरवली, हे ती कधीच विसरत नाही.

कोल्हापूरजवळच्या पन्हाळगडाने अशी एक मोठी वाटणी पाहिली आहे. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून अठरा वर्षांनी सुटून आले. त्यांच्या चुलती महाराणी ताराराणी यांनी त्यांचा हक्क मान्य केला नाही. एका घराण्याच्या दोन गाद्या झाल्या: एक साताऱ्यास, दुसरी पन्हाळ्यास. पुढे १७१४ मध्ये पन्हाळ्यावरच घर पुन्हा फुटले. ताराराणी व त्यांचे पुत्र शिवाजी यांना कैदेत टाकून त्यांच्या सवतीचे, राजसबाईंचे पुत्र संभाजी यांना गादीवर बसविण्यात आले. ज्या गडावरून राज्य चालविले, त्याच गडावर आपल्याच माणसांच्या पहाऱ्यात राहण्याची वेळ त्या पराक्रमी स्त्रीवर आली.

१७३० मध्ये वारणेकाठी शाहू महाराजांच्या फौजेने संभाजींच्या छावणीचा पाडाव केला. संभाजी निसटून पन्हाळ्यास गेले. परंतु ताराराणी, राजसबाई आणि संभाजींच्या पत्नी जिजाबाई विजेत्यांच्या हाती सापडल्या. त्यांना अडकवून ठेवून हवी ती अट मान्य करून घेणे शाहू महाराजांना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. या स्त्रियांना सन्मानाने पन्हाळ्यास परत पाठविण्याची व्यवस्था केली. ताराराणींनी मात्र परत जाण्याऐवजी साताऱ्यास राहण्याची इच्छा दर्शविली. जिच्याशी तेवीस वर्षे वैर केले, त्या पुतण्याचा आश्रय त्यांना स्वतःच्या गडापेक्षा बरा वाटला. साताऱ्यासही त्यांच्यावर नजर होतीच. तरी चुलतीचा मान राखला गेला.

या एका वागणुकीने पुढची वाट मोकळी झाली. १७३१ च्या आरंभी कऱ्हाडजवळ दोघे चुलत भाऊ भेटले. धाकट्याने पायांवर डोके ठेवले, थोरल्याने उठवून पोटाशी धरले. त्याच वर्षी १३ एप्रिलला वारणेचा तह झाला. वारणेच्या दक्षिणेकडील राज्य संभाजींकडे राहिले. एकाचा शत्रू तो दुसऱ्याचाही शत्रू मानावा, एकाचे चाकर दुसऱ्याने ठेवून घेऊ नयेत, अशी कलमे त्यात होती. वेगळ्या झालेल्या दोन पेढ्यांनी आजही आपल्या भिंतीवर लावून ठेवावीत, अशीच ती आहेत.

हा तह बरोबरीच्यांचा नव्हता; जिंकणाऱ्याच्या सोयीची कलमे त्यात होती. त्याने माणसांचे स्वभाव पालटले असेही नव्हे. ताराराणींचा करारीपणा पुढेही मराठेशाहीने अनुभवला. परंतु १७४९ मध्ये शाहू महाराज निवर्तले, तोवर या दोन गाद्यांत पुन्हा मोठे युद्ध झाले नाही. केवळ सीमेची रेघ ओढून हे साधले नसते. हरलेल्याच्या घरातील स्त्रियांचा मान राखला गेला होता, म्हणून हरलेला भाऊ भेटीस येऊ शकला.

सामान्य कुटुंबातही वाटणीत एक बाजू वरचढ असतेच. कोणाच्या नावे दुकान असते, कोणाची बाजारात पत असते. खरी कसोटी त्याचीच असते. वेगळ्या होणाऱ्या वहिनीचे माहेरचे भांडे न विचारता तिच्या सामानात ठेवणे, धाकट्या भावाच्या नव्या दुकानात पहिल्या दिवशी जाऊन बसणे, आईने कोणाकडे राहावे हे आईलाच विचारणे, यास फार खर्च येत नाही. ताराराणींनाही कोणीतरी असेच विचारले होते.

हिशेबात पै-पैचा चोखपणा असावाच. तो पुरा झाल्यावर मात्र दार लावताना कडी हळूच लावावी. आतल्यांना आणि बाहेर पडणाऱ्यांनाही तिचा आवाज पुष्कळ वर्षे ऐकू येत राहतो.