आधी माळा, मग उष्णतारोधन

उत्तर अमेरिकेतील जुन्या घरांत राहत्या खोल्यांची तक्तपोशी आणि वरचे उतरते छप्पर यांच्यामध्ये एक बुटकी, काळोखी पोकळी असते. मराठीत तिला माळा किंवा पोटमाळा म्हणता येईल. हिवाळ्यात बाहेर बर्फ पडत असता खालच्या खोल्यांत शेगडी किंवा भट्टी पेटवून जी ऊब निर्माण केली जाते, तिचा मोठा वाटा याच मार्गाने निसटून जातो. इंधनाचे बिल वाढले की घरमालकाच्या मनात पहिला विचार येतो तो माळ्यावर उष्णतारोधक द्रव्याचा जाड थर पसरण्याचा. विचार योग्य आहे. परंतु त्याचा क्रम बहुधा चुकतो. उष्णतारोधक थर ही या कामाची अखेरची पायरी होय. तिच्या आधीच्या पायऱ्या गाळल्या तर उपकाराऐवजी अपकार घडतो, आणि म्हणून माळ्याच्या तयारीचा खर्च हा मूळ कामाचाच खर्च मानला गेला पाहिजे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

भारतीय वाचकाला हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. तथापि हजारो मराठी कुटुंबे आज अमेरिकेत व कॅनडात अशाच घरांत राहतात. आणि दुसरे असे की, छपरातून येणारी-जाणारी उष्णता अडविण्याचा प्रश्न उष्ण देशांनाही तितकाच लागू आहे. थंड देशांनी या कामात जे शहाणपण किंमत मोजून मिळविले, ते इतरांना विनामूल्य घेता येण्यासारखे आहे.

प्रथम मूळ तत्त्व पाहू. काचेची लोकर, खनिज लोकर किंवा जुन्या वर्तमानपत्रांपासून केलेला सेल्युलोजचा भुसा यांचे सामर्थ्य त्यांच्या तंतूंत फारसे नसते. ते तंतूंनी अडवून धरलेल्या हवेत असते. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. सामान्य विटेच्या मानाने ती वीसपटींहून कमी उष्णता वाहून नेते. पण ‘स्थिर’ हा शब्द येथे कळीचा आहे. थरामधून वारा वाहू लागला, थर दाबला गेला किंवा पाण्याने भिजला, की अडवून धरलेली हवा नाहीशी होते आणि तिच्याबरोबर थराचा गुणही जातो. विणलेली लोकरीची बंडी वाऱ्यात निरुपयोगी ठरते आणि पावसात भिजली की अंगावरचे ओझे होते, तसाच हा प्रकार आहे.

आता जुन्या घराकडे वळू. त्याच्या तक्तपोशीत असंख्य भोके असतात. दिव्यांच्या तारा, पाण्याचे व सांडपाण्याचे नळ, धुराड्याभोवतीची फट, भिंतींच्या आतील पोकळी आणि माळ्यावर चढण्याचे झडपेचे दार, ही त्यांतील ठळक होत. उबदार हवा हलकी असल्याने ती वर चढते आणि या भोकांवाटे माळ्यावर निसटते. तिच्या जागी खालून थंड हवा आत ओढली जाते. सारे घर जणू एक धुराडे बनते. या हवेबरोबर स्वयंपाकाची, स्नानाची आणि माणसांच्या श्वासाची वाफही वर जाते. वीस अंश सेल्सियस तपमानाच्या आणि चाळीस टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे सहा अंश असतो. म्हणजे छपराच्या फळ्या सहा अंशांहून थंड असतील तर त्यांवर दहिवर जमू लागते. शून्याखाली असतील तर ते गोठते, आणि ऊन पडताच ठिबकू लागते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. उष्णतारोधन करण्यापूर्वी खालून गळणाऱ्या उबेमुळे माळा काहीसा गरम राहत असतो आणि त्या फळ्या काही प्रमाणात कोरड्या राहतात. जाड थर पसरल्यावर माळा पूर्वीपेक्षा थंड होतो. काचेची लोकर वाहत्या हवेला पुरती अडवू शकत नाही. त्यामुळे भोके तशीच राहिली असतील तर वाफ पूर्ववत वर येते आणि अधिक थंड झालेल्या लाकडावर अधिक प्रमाणात जमते. ज्या घराचे छप्पर साठ वर्षे कोरडे राहिले, ते उष्णतारोधनानंतर काही हिवाळ्यांतच बुरसू शकते. दोष थराचा नसतो. थराखाली दडवलेल्या भोकांचा असतो. म्हणून जुना कचरा उपसून तक्तपोशी उघडी करणे, प्रत्येक फट योग्य द्रव्याने बुजविणे, धुराड्याजवळ धातूचा पत्रा व उष्णता सोसणारा लुकण वापरणे आणि स्नानगृहाच्या पंख्याची नळी माळ्यात मोकळी न सोडता छपराबाहेर काढणे, ही कामे आधी झाली पाहिजेत. ती एकदा थराखाली गेली म्हणजे पुन्हा हाताला लागत नाहीत.

छपराची गळती आधी दुरुस्त करावी, हे सांगणे नलगे. परंतु वळचणीतील झरोक्यांचे महत्त्व पुष्कळांच्या लक्षात येत नाही. या झरोक्यांतून थंड हवा आत येते, छपराच्या फळ्यांखालून आढ्याकडे जाते आणि उरलीसुरली वाफ बाहेर नेते. अजाणतेपणी थर वळचणीपर्यंत कोंबला तर हा मार्ग बंद होतो. वाशांच्या मधोमध पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या पन्हळी ठोकून हवेची वाट मोकळी ठेवणे हे काही तासांचे काम आहे, पण त्यावर छपराचे आयुष्य अवलंबून असते.

याहून गंभीर प्रश्न विजेच्या तारांचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे १९४० पर्यंत बांधलेल्या अनेक अमेरिकन घरांत तारा चिनी मातीच्या गुंडीवजा आधारांवरून आणि नळ्यांतून मोकळ्या हवेत ओढलेल्या असत. तारेत निर्माण होणारी उष्णता भोवतालच्या हवेत विरून जाईल, हे त्या रचनेचे गृहीत होते. अशी तार सेल्युलोजच्या भुशाखाली गाडली तर उष्णतेला वाट राहत नाही. जुने, ठिसूळ झालेले वेष्टन तापते आणि आगीचा धोका उत्पन्न होतो. उष्णता अडविणारा थर तारेचीही उष्णता अडवितो, इतके साधे हे सूत्र आहे.

जुन्या माळ्यावर आधीच पसरलेले द्रव्यही तपासून घ्यावे लागते. व्हर्मिक्युलाइट हे अभ्रकासारखे, तापविल्यावर फुगणारे खनिज पूर्वी माळ्यांवर ओतले जाई. १९१९ ते १९९० या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या व्हर्मिक्युलाइटपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक माल मॉन्टाना राज्यातील लिबी गावाजवळच्या एकाच खाणीतून आला, आणि त्या खाणीत अॅस्बेस्टॉसही मिसळलेले होते. खाणकामगार व गावकरी यांच्या फुप्फुसांची त्यामुळे इतकी हानी झाली की, १७ जून २००९ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तेथे सार्वजनिक आरोग्यविषयक आणीबाणी जाहीर केली. असे दाणे माळ्यावर आढळल्यास ते झाडू नयेत, उपसू नयेत; जाणकाराकरवी त्यांची व्यवस्था लावावी, असाच सल्ला दिला जातो.

तयारीशिवाय घाई केली तर काय होते, याचे दुःखद उदाहरण ऑस्ट्रेलियाने पाहिले. जागतिक आर्थिक मंदीत रोजगार निर्माण व्हावा म्हणून तेथील संघ सरकारने फेब्रुवारी २००९ मध्ये घरांच्या माळ्यांवर सरकारी खर्चाने उष्णतारोधन करण्याची प्रचंड योजना जाहीर केली. वर्षभरात दहा लाखांहून अधिक घरांत काम झाले. प्रत्येक कामगाराला प्रशिक्षण हवे, ही आरंभीची कल्पना सैल करून पर्यवेक्षक प्रशिक्षित असला म्हणजे पुरे, असे ठरले. ऑक्टोबर २००९ ते फेब्रुवारी २०१० या चार महिन्यांत सोळा ते पंचवीस वर्षे वयाचे चार तरुण कामगार मृत्युमुखी पडले. तिघे विजेच्या धक्क्याने आणि एक तापलेल्या माळ्यातील उष्म्याने. काही ठिकाणी अॅल्युमिनियमचा चकचकीत पत्रा धातूच्या टाचण्यांनी ठोकला जात होता आणि टाचणी खालच्या तारेत शिरली. घरांना आगी लागण्याचे प्रकारही पुष्कळ झाले. १९ फेब्रुवारी २०१० रोजी योजना बंद करण्यात आली आणि २०१४ मध्ये चौकशी आयोगाने तिच्या आखणीतील व देखरेखीतील उणिवांवर कठोर ताशेरे ओढले. माळ्यावर पाय ठेवण्यापूर्वी मुख्य कळ बंद करणे आणि जाणत्या वीजतंत्र्याने तारा पाहणे, एवढी तयारी जर अट म्हणून घातली गेली असती, तर यांपैकी काही जीव तरी वाचले असते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. पृथ्वीचे तपमान वाढत आहे, इंधन वाचविणे निकडीचे आहे. प्रत्येक घरात एवढी तपासणी करीत बसले तर काम पिढ्यानुपिढ्या रेंगाळेल. शिवाय तयारीचा खर्च गरीब कुटुंबांना झेपणार कसा? आक्षेपाचा दुसरा भाग सर्वथा खरा आहे. अमेरिकेत अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांची घरे ऊर्जाबचतीसाठी सुधारून देणारा संघीय कार्यक्रम १९७६ पासून चालू झाला. त्यात एक विचित्र अडचण वारंवार आढळली. ज्या घरांचे छप्पर गळते, तारा जुनाट आहेत किंवा लाकूड बुरसलेले आहे, त्या घरांत उष्णतारोधन करणे धोक्याचे म्हणून कर्मचारी काम पुढे ढकलून परत जात. आणि उष्णतारोधनासाठी दिलेला निधी छप्पर दुरुस्तीवर मोठ्या प्रमाणात खर्च करण्याची मुभा नसे. परिणामी जे घर सर्वांत मोडकळीस आलेले, तेच मदतीवाचून राहिले. अखेर २०२२ मध्ये अशी घरे कामायोग्य करण्यासाठी स्वतंत्र निधीची तरतूद झाली.

या अनुभवातच आक्षेपाचे उत्तर आहे. तयारी महाग आहे म्हणून ती गाळणे हा एक चुकीचा मार्ग. तयारी महाग आहे म्हणून गरिबाचे घर वगळणे हा दुसरा. तिसरा आणि एकमेव न्याय्य मार्ग म्हणजे तयारीला योजनेतच स्थान व पैसा देणे. मग घाईबद्दलचा आक्षेपही उरत नाही. कारण बुरसलेले छप्पर उतरवून तेच काम दुसऱ्यांदा करण्यात जो काळ जातो, तो पहिल्या तपासणीहून कितीतरी अधिक असतो. कोणत्याही योजनेचे यश किती घरांवर थर पडला या आकड्याने मोजले गेले, की काम करणाऱ्यांचे लक्ष त्या आकड्याकडेच लागते. दहा वर्षांनंतर त्यांपैकी किती घरे कोरडी, सुरक्षित व उबदार आहेत, हे खरे माप होय.

भारतात बहुतेक शहरी घरांना माळा नसतो. वर सपाट स्लॅब, पत्रे किंवा कौले असतात, आणि प्रश्न उन्हाचा ताप अडविण्याचा असतो. परंतु क्रम तोच राहतो. भेगाळलेल्या स्लॅबवर उष्णतारोधक थर घातला तर पाणी त्याखाली मुरत राहते आणि लोखंडी सळ्या गंजतात. अॅस्बेस्टॉस-सिमेंटचे जुने पत्रे कापले, फोडले किंवा त्यांना भोके पाडली तर घातक तंतू हवेत उडतात. पत्र्याखालून लोंबणाऱ्या जुन्या तारांजवळ चकचकीत धातूचे अस्तर ठोकणे येथेही तितकेच प्राणघातक ठरेल. छपरे थंड ठेवण्याच्या योजना आखणाऱ्यांनी दुरुस्तीची तरतूद पहिल्या ओळीत लिहावी आणि थराची त्यानंतर.

डॉक्टर जखम धुतल्यावाचून तिच्यावर पट्टी बांधीत नाही, आणि धुण्यात गेलेला वेळ कोणी वाया गेला असे म्हणत नाही. घराच्या बाबतीतही हाच विवेक रूढ झाला पाहिजे.