आधी चेंडू घेता येऊ दे

दर जुलैला मंडळाची सहल होते. वडे तळून झाले, पोरं तळ्याकडे पळाली की मैदानात जाळी बांधली जाते आणि कुणीतरी हाक देतं, "चला, व्हॉलीबॉल!" बारा जण उतरतात. त्यांतले तिघे-चौघे कॉलेजात खेळलेले असतात. बाकीच्यांनी चेंडूला शेवटचा हात कधी लावला होता ते त्यांनाही आठवत नाही. दहा मिनिटांत वाटणी होऊन जाते: चौघे खेळतात, आठ जण उभे राहतात. मागच्या कोपऱ्यातल्या एखाद्या ताईंकडे चेंडू आलाच तर पुढून कुणीतरी धावत येतो, "सोडा, सोडा, माझा!" ताई हसून बाजूला होतात. पुढच्या जुलैत त्या खुर्ची उघडून झाडाखाली बसलेल्या दिसतात.

ही खुर्ची मला फार वर्षं सलते आहे. यंदा कार्यकारिणीने व्हॉलीबॉलचा चषक ठेवायचं ठरवलं आहे, संघ पाडून साखळी सामने घ्यायचा बेत आहे. हेतू चांगला आहे, मेहनत करणारी मंडळीही माझ्या जवळची आहेत. तरी माझं म्हणणं स्पष्ट लिहिते. चषकाने हा खेळ वाढणार नाही, झाडाखालच्या खुर्च्या वाढतील. चषक दोन वर्षांनी ठेवा. या हिवाळ्यात आधी मोठ्या माणसांची शिकवणी सुरू करा आणि त्या शिकवणीत पहिले काही आठवडे मॅच अजिबात खेळवू नका.

"चाळिशीनंतर कुठे नवा खेळ शिकायचा?" हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो. त्याचं उत्तर आपल्या अंगणातच आहे. बॉस्टनहून पश्चिमेला दीड तास गाडी चालवली की होल्योक लागतं. कनेटिकट नदीकाठचं, एकेकाळी कागदाच्या गिरण्यांसाठी नावाजलेलं गाव. तिथल्या वायएमसीएत विल्यम मॉर्गन नावाचा पंचविशीतला व्यायामशिक्षक होता. त्याच्या वर्गाला येणारे बरेचसे मध्यमवयीन व्यावसायिक होते. जवळच्याच स्प्रिंगफील्डमध्ये 1891 साली बास्केटबॉल जन्माला आला होता, पण त्यातली धावपळ आणि धक्काबुक्की या लोकांना झेपेना. मग 1895 मध्ये मॉर्गनने टेनिसची जाळी सहा फूट सहा इंचांवर, म्हणजे साधारण उंचीच्या माणसाच्या डोक्याच्या जरा वर बांधली आणि एक नवा खेळ रचला. दोन्ही बाजूंमध्ये जाळी, म्हणजे अंगावर कुणी येत नाही. त्याचं पहिलं नाव मिंटोनेट. पुढच्या वर्षी स्प्रिंगफील्डला त्याने तो दाखवला, तेव्हा पाच-पाच जणांचे दोन संघ होते. एकाचा कप्तान होता होल्योकचा महापौर आणि दुसऱ्याचा गावच्या अग्निशमन दलाचा प्रमुख. त्याच वेळी खेळाला व्हॉलीबॉल हे नाव मिळालं.

आज या खेळाचं हॉल ऑफ फेम होल्योकमध्येच आहे. तिथे मी दोनदा गेले आहे. उंच उड्या मारणाऱ्या खेळाडूंची छायाचित्रं पाहताना माझ्या डोक्यात सतत तो महापौर घोळत होता. दिवसभराचं काम आटोपून, कोट काढून ठेवून तो जाळीपाशी उभा राहिला असेल. म्हणजे आपल्यासारख्यांना हा खेळ उशिरा सुचलेला नाही. तो मुळात आपल्यासारख्यांसाठीच सुचला. आणि मॉर्गनच्या पहिल्या नियमांत आपल्या बाजूला चेंडूला कितीही वेळा हात लावायची मुभा होती. तीन स्पर्शांची मर्यादा नंतर आली, लोक खेळात मुरल्यावर. नवख्यांसाठी याहून शहाणपणाचा क्रम मला दिसत नाही.

आता शिकवायचं काय, या मुद्द्यावर येते. मी साताऱ्याच्या शाळेत खेळले. लाल मातीचं मैदान, फक्कीच्या रेघा, एकच चेंडू आणि रांगेत वीस मुली. पुढे विद्यापीठापर्यंत खेळले. गेली काही वर्षं इथल्या एका जिममध्ये मोठ्या माणसांना शिकवते आहे. या साऱ्यातून माझं एक ठाम मत झालं आहे: नवख्याला सर्वांत आधी अंडरहँड पास आला पाहिजे. सर्व्हिस नंतर, स्मॅश तर फारच नंतर.

याचं कारण खेळाच्या रचनेतच आहे. क्रिकेटमध्ये चेंडू झेलून हातात ठेवता येतो, फुटबॉल पायाखाली थांबवता येतो, कबड्डीत तर पकड हाच खेळ. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू धरायचा नाही आणि पडूही द्यायचा नाही. शिवाय क्रिकेटमध्ये नवख्याला फाइन लेगला उभा करून सामना पुढे नेता येतो. इथे नवखा लपवता येत नाही, समोरचा सर्व्हिस नेमकी त्याच्याच अंगावर टाकतो. पहिला स्पर्श बिघडला की दुसऱ्याला बूस्ट करायला चेंडू मिळत नाही, तिसऱ्याला मारायला मिळत नाही. सगळ्या संघाचा खेळ त्या एका स्पर्शावर अडतो आणि त्याचा सगळा दोष त्या एका माणसाच्या पदरात पडतो. सहलीतली माणसं याच भीतीने मागे सरकतात. त्यांना मॅचमध्ये ढकललं की भीती जाईल, असं मानणाऱ्यांनी एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहावं.

पास शिकवताना मी हातांपासून सुरुवातच करत नाही, पायांपासून करते. नवखा माणूस जागेवर उभा राहून हात लांब करतो, चेंडू जिथे असेल तिकडे हात पाठवतो. आधी पाय गेले पाहिजेत. चेंडू आपल्या पोटासमोर येईल अशा जागी पोहोचायचं, गुडघे वाकवायचे, वजन पुढच्या चवड्यांवर ठेवायचं. इथे आपल्या शाळांतल्या पीटीच्या तासाची शिदोरी कामाला येते. खो-खो खेळलेल्या बायकांना मी एवढंच सांगते, "खो मिळायची वाट बघत बसलात की अंग कसं तयार असतं? तसं, फक्त उभ्याने." आणि त्या बरोबर उभ्या राहतात. इंग्रजी पुस्तकातल्या पाच वाक्यांनी जे होत नाही, ते या एका आठवणीने होतं.

मग हात. एका तळव्यात दुसरा तळवा, दोन्ही अंगठे शेजारी-शेजारी, कोपरं सरळ. मनगटं खाली दाबली की मनगट आणि कोपर यांमधला आतला भाग सपाट होतो, पाटासारखा. चेंडू त्या पाटावर, मनगटाच्या जरा वर घ्यायचा. अंगठ्यांवर नाही, मुठीवर नाही. सर्वांत मोठी चूक म्हणजे हात झोकून चेंडू मारणे. पाट स्थिर ठेवायचा, उचल गुडघ्यांतून द्यायची आणि चेंडू जिकडे जायला हवा तिकडे पाट कलता ठेवायचा. चेंडू उंच उडाला पाहिजे. उंच चेंडू म्हणजे पुढच्या माणसाला दिलेला वेळ, हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण नवख्याला सर्वांत जास्त गरज वेळेची असते. गावाकडे शूटिंग व्हॉलीबॉल खेळलेल्या पुरुषांना हे सगळ्यांत जड जातं. त्यांचे हात बळकट असतात, पण चेंडू आला की एका फटक्यात पलीकडे धाडायची सवय सुटता सुटत नाही. त्यांना शेजाऱ्यासाठी चेंडू ठेवायला शिकवणं हेच माझं निम्मं काम असतं.

पकडण्याची सवय मात्र मी लगेच मोडायला जात नाही. आपल्यातल्या कितीतरी जणी शाळेत थ्रोबॉल खेळल्या आहेत. पकडायचं आणि लगेच जाळीपलीकडे फेकायचं, हे त्यांच्या अंगात आहे. म्हणून पहिले दोन आठवडे आम्ही जवळजवळ थ्रोबॉलच खेळतो: पहिला स्पर्श पासचा, दुसऱ्याने चेंडू पकडायचा आणि तिसऱ्याकडे हलकेच फेकायचा, तिसऱ्याने पलीकडे टाकायचा. अट एवढीच की पहिला स्पर्श पकडायचा नाही. यातून तीन स्पर्शांची लय बसते. मग एखाद्या शनिवारी कुणीतरी दुसरा चेंडूही न पकडता बोटांनी वर उडवतं आणि आपण काय केलं हे त्याला नंतर कळतं.

जाळीबद्दल आपल्याकडे एक विनाकारणचा ताठा आहे. पुरुषांची जाळी 2.43 मीटर, महिलांची 2.24 मीटर, आणि सहलीत ती पुरुषांच्या मापानेच बांधली जाते, कारण चौघांना स्मॅश मारायचा असतो. नवख्यांसाठी मॉर्गनची उंची पुरते, म्हणजे साधारण दोन मीटर. 18 बाय 9 मीटरच्या कोर्टावर सहा-सहा जण उभे करायचीही गरज नाही. बॅडमिंटनच्या कोर्टावर दोरी बांधा आणि तीन-तीन जण खेळवा. सहातल्या एकाकडे चेंडू जितक्या वेळा येतो, त्याच्या दुप्पट तिघांतल्या एकाकडे येतो, आणि शिकणं तर स्पर्शांच्या संख्येनेच होतं. जपानमध्ये बॅडमिंटनच्याच मापाच्या कोर्टावर, मोठ्या मऊ रबरी चेंडूने चौघा-चौघांनी खेळायचा सॉफ्ट व्हॉलीबॉल रूढ आहे. तिथे आयांचं व्हॉलीबॉलही आहे: नऊ-नऊ जणींचे संघ, बुटकी जाळी आणि फिरतीची भानगड नाही. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्या देशाच्या मुलींनी सोव्हिएत संघाला हरवून सुवर्ण मिळवलं, त्या देशाला गृहिणींसाठी नियम सैल करताना कमीपणा वाटला नाही. आपल्यालाच का वाटावा?

सर्व्हिसचंही तसंच. नऊ मीटरवरून डोक्यावरून सर्व्हिस करायला लावली की दहातल्या सात जाळीत जातात आणि मॅच म्हणजे चेंडू आणायला धावणं होऊन बसतं. खालून करायची सर्व्हिस पाच-सहा मीटरवरून सुरू करावी. चेंडू डाव्या हातात कमरेइतका, उजव्या तळव्याची टाच चेंडूच्या मागे-खाली, वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर. चेंडू उडवायचा नाही, हातावरूनच मारायचा. जमली की एक पाऊल मागे.

आणि हाक. दोघांच्या मध्ये पडलेला चेंडू हा नवख्यांच्या खेळातला सगळ्यांत ओळखीचा प्रसंग. दोघं एकमेकांकडे बघतात, दोघं सभ्यपणे थांबतात. विशेषतः आपल्या बायका थांबतात. आयुष्यभर "आधी तुम्ही घ्या" म्हणत आलेल्या बाईला भर मैदानात मोठ्याने "माझा!" ओरडायला शिकवणं ही मला पासइतकीच महत्त्वाची गोष्ट वाटते. पहिल्या दिवशी आवाज घशातच राहतो. तीन आठवड्यांनी तो जिमच्या भिंतीवर आपटून परत येतो. त्यामुळेच सहलीतलं ते "सोडा, माझा!" मला खटकतं. ज्याला येतं त्याने येत नसलेल्याचा चेंडू हिसकावून तो शब्द वापरायचा नाही, एवढा एक नियम आम्ही पहिल्या दिवसापासून पाळतो.

यावर येणारा आक्षेप मला माहीत आहे. लोक आठवडाभर काम करून येतात, त्यांना मजा हवी, कवायत नको. मलाही कवायत नको आहे. तिघांच्या दोरीवरच्या खेळात गुण मोजले जातात, आरडाओरडा होतो, चिडाचिडही होते. फरक इतकाच की तिथे प्रत्येकाला चेंडू मिळतो. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: चांगले खेळाडू कंटाळतील, यायचे बंद होतील. त्यांच्याबद्दल मला आस्था आहे, कारण मी त्यांच्यातलीच. त्यांनी आपला चुरशीचा खेळ वेगळ्या वेळी जरूर खेळावा. उत्तर अमेरिकेतले मल्याळी लोक जिमी जॉर्जच्या नावाने स्पर्धा भरवतात, इटलीत व्यावसायिक व्हॉलीबॉल खेळलेल्या त्या थोर खेळाडूची आठवण जागी ठेवतात, आणि त्याचा मला हेवा वाटतो. पण स्पर्धा ही खेळ येणाऱ्यांसाठी असते. ज्याला खेळ येतो त्याचं शिकवणीतलं काम वेगळं आहे: नवख्याच्या हातावर नीट, उंच, एकसारखा चेंडू टाकत राहणं. चांगला चेंडू टाकणारा माणूस मिळाला तर शिकणारा अर्ध्या तासात बदलतो. हे काम रोमहर्षक नाही, पण त्याच्याशिवाय पुढचं काहीच होत नाही.

दुखापतींविषयी थोडक्यात: अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवा, मंगळसूत्र पिशवीत ठेवा, पहिले काही दिवस लांब बाह्यांचा शर्ट घाला म्हणजे हात लाल होणार नाहीत. जाळीखालून पाय पलीकडे गेला की दुसऱ्याच्या पायावर पडून घोटा मुरगळतो, म्हणून सुरुवातीला उड्या नकोतच. आणि दहा मिनिटं अंग तापवल्याशिवाय कुणीही चेंडूला हात लावायचा नाही, मग तो विद्यापीठाचा खेळाडू का असेना.

कार्यकारिणीला माझी विनंती अशी. जानेवारी ते मार्च, आठ शनिवार, सकाळी दीड तास, शाळेची जिम भाड्याने. चषकासाठी आणि छापील टी-शर्टसाठी काढून ठेवलेल्या पैशांतून दहा हलके चेंडू आणि दोन लांब दोऱ्या घ्या. एक चेंडू दोघांत, वीस जणांत एक नको. मुलांच्या मराठी शाळेच्याच वेळी, त्याच इमारतीत ठेवलंत तर गाडीत बसून वाट पाहणारे आईबाप आपोआप येतील. पहिल्या वर्षी नाव नोंदवायची एकच अट असावी: याआधी कधी खेळलेलो नाही. चेंडू टाकायला मी आहेच. कॉलेजात खेळलेले आणखी तिघे हवेत. त्यांनी मला या महिन्यातच सांगावं, म्हणजे जिमसाठी अर्ज करता येईल.