पोटाची लाज कशासाठी?

मिरगाचा पाऊस स्थिरावला की पेडण्यापासून डिचोलीपर्यंत विहिरी काठोकाठ भरतात आणि शेतकऱ्याचे मन हरखते. पण याच दिवसांत वाहते पाणी उघड्यावरची घाण विहिरीत नेऊन सोडते आणि घराघरांतून जुलाब-वांतीच्या तक्रारी सुरू होतात. गोमंतकाला हे दुखणे नवे नाही. १५३४ साली येथे आलेल्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात पटकीचे वर्णन केले असून एतद्देशीय लोक तिला 'मोरशी' म्हणतात, अशी नोंद केली आहे. आपल्या 'मोडशी'चेच ते रूप होय. साडेचारशे वर्षांनंतर तो शब्द टिकून आहे, याचे कौतुक वाटते. त्या रोगाविषयीची बेफिकिरीही टिकून आहे, याचा मात्र खेद वाटतो.

आपल्या उदरात सुमारे २० फूट लांबीचे लहान आतडे आणि सुमारे ५ फुटांचे मोठे आतडे वेटोळे करून बसलेले असते. लहान आतड्याच्या आतील अस्तरावर मखमलीसारखे असंख्य अंकुर असतात. पचलेले अन्न ते रक्तात शोषून घेतात. प्यालेले पाणी व पाचक रस मिळून रोज आठ-नऊ लिटर द्रव आतड्यांत उतरतो आणि जवळजवळ सगळाच पुन्हा रक्तात परततो. जुलाबात हा व्यवहार उलटा फिरतो. शरीरातील पाणी व क्षार वाहून जातात आणि रोगी दगावतो तो बहुधा या शोषामुळेच.

निसर्गाची कृपा अशी की, पटकीतही आतड्याची एक वाट उघडी राहते. साखरेच्या सोबतीने मीठ आत शिरते आणि मिठापाठोपाठ पाणी. १९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर मीठ-ग्लुकोजचे पाणी रोग्यांना पाजले आणि मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० वरून ४ च्या खाली आणले. आपल्या चुलीवरची मीठ घातलेली पातळ पेज याच तत्त्वाची सखी नव्हे काय? आणि तरीही जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी तोडणारी माणसे आजही भेटतात! एक लिटर उकळून निवविलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, एवढे ज्ञान प्रत्येक घरात हवे. चमचा चहाचा असावा आणि मिठाचे माप मुळीच वाढू नये. केंद्रावर मिळणारी क्षार-संजीवनीची पुडी त्याहून उत्तम. डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचातून रक्त पडले, तर मात्र घरगुती उपचारांत वेळ न दवडता डॉक्टर गाठावा.

दुसरे दुखणे लाजेचे आहे. बद्धकोष्ठ, मूळव्याध, रक्तस्राव यांविषयी बोलायचे कसे, म्हणून वर्षानुवर्षे चूर्णे व जुलाबाच्या गोळ्या घेत राहणारे लोक आपल्यांत थोडे नाहीत. मूळव्याध समजून दडवलेले रक्त कधीकधी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे असते आणि तो वेळीच सापडला तर बरा होऊ शकतो. उकडे तांदूळ, नाचणी, कुळीथ, तांबडी भाजी, तायखिळा हे आपले जुने अन्न आतड्याला मानवणारे होते. मैदा आणि बेकरीच्या पदार्थांनी त्यांना हुसकावले, त्याची किंमत पोटच चुकवीत आहे. कुळागरात अनवाणी वावरणाऱ्याच्या पायांतून अंकुशकृमी शिरतो आणि आतड्यास चिकटून रक्त पितो. १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट या दिवशी शाळांतून दिली जाणारी जंतांची गोळी म्हणूनच टाळण्यासारखी नाही.

सरकारने नळ दिले, संडास बांधले. परंतु पावसाळ्याच्या तोंडावर वाड्यावाड्यांतील विहिरींत क्लोरीन पडते की नाही, हे पाहणे पंचायतींचे कर्तव्य आहे. किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी बाटलीबंद पाणी आणि वाड्यावरच्या पोरांसाठी गढूळ कळशी, हा भेद शोभणारा नाही. पोटासाठी आपण जन्मभर राबतो. त्या पोटाची वास्तपुस्त करण्यात कमीपणा कसला?