ओट्याआधी नकाशा
पहिलं घर घेतलं की नवरा-बायकोचं भांडण ठरलेलं: ओट्याला काळा ग्रॅनाइट की पांढरा? मंजूर नकाशा मात्र कुणी मागत नाही. कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये १७ मार्च २०२४च्या मध्यरात्री बांधकाम चालू असलेली पाच मजली बेकायदा इमारत शेजारच्या झोपड्यांवर कोसळली. दहाहून अधिक माणसं गेली. आपल्याकडेही भोगवटा प्रमाणपत्राचा पत्ता नसलेल्या फ्लॅटात लोक हौसेनं फॉल्स सीलिंग करून घेतात. (तेही कर्ज काढून!) स्वयंपाकघर मोठं दिसावं म्हणून मिस्त्री ‘ही भिंत उडवू’ म्हणाला, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. प्लास्टर खरवडल्यावर वीट दिसली म्हणून भिंत बिनकामाची ठरत नाही. जुन्या लोडबेअरिंग इमारतीत वरच्या मजल्यांचं ओझं तिच्याच डोक्यावर असतं.